डी२ सममिती शोधताय? हिमोग्लोबिन निसटेल!

पाषाणच्या टपरीवर चहा पिताना बायोइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्या एका मुलीचं गाऱ्हाणं ऐकलं: "फेरिटिनच्या २४ साखळ्या हव्यात, आणि फाईल उघडली तर एकच!" फाईल म्हणजे फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रचनेची, आणि ती बरोबरच असते. तिच्यात बहुतेकदा स्फटिकाचं असममित एकक, म्हणजे सममितीने पुन्हा न येणारा सर्वांत लहान भाग, असतं. बाकीच्या प्रती सममितीने तयार होतात. म्हणून प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहात (आरसीएसबी या संस्थेच्या साइटवर) साखळ्या मोजत बसू नका. अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये सिमेट्री सिंबॉल, म्हणजे सममितीचा प्रकार सांगणारी खूण, निवडा: फेरिटिनसाठी ओ (अष्टफलकासारखी), ग्रोईएल या प्रथिनाच्या दोन कड्यांसाठी डी७. निकालही 'असेंब्लीज' (पूर्ण जुळलेले रेणू) म्हणून मागवा, 'स्ट्रक्चर्स' म्हणून नाही.

खरी गोम हिमोग्लोबिनमध्ये. दोन अल्फा, दोन बीटा. साखळ्या वेगळ्या मानल्या तर सममिती सी२ (एका अक्षाभोवती अर्धा फेरा दिला की तसंच दिसणारी), सारख्याच मानल्या तर डी२ (असे तीन अक्ष, एकमेकांना काटकोनात). त्यामुळे साखळ्यांतला फरक धरणाऱ्या ग्लोबल सिमेट्रीत डी२ शोधलं तर हिमोग्लोबिन हाती लागत नाही, तो फरक सोडून देणारी सूडो सिमेट्री निवडावी लागते. शिवाय १एचएचओ या हिमोग्लोबिनच्या नोंदीच्या मूळ फाईलमध्ये अर्धाच रेणू आहे, २एचएचबीत पूर्ण.

आणि हो, असेंब्ली लेखकाने सांगितलेली की फक्त सॉफ्टवेअरने सुचवलेली, तेही पाहा. दुसऱ्या प्रकारावर मी तरी डोळे झाकून विसंबत नाही. मूळ शोधनिबंध उघडतो.