मातेओ रिच्चींचा चीन-वृत्तांत कसा वाचावा

मिंग राजवटीतील चीनविषयी एखाद्या पाश्चात्य विद्वानाने जवळून लिहिलेले काही वाचायचे असेल, तर सुरुवात मातेओ रिच्ची यांच्या वृत्तांतापासून करावी. इटलीतील माचेराता येथे १५५२ मध्ये जन्मलेले आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे हे धर्मगुरू १५८३ मध्ये दक्षिण चीनमधील चाओछिंग येथे स्थायिक झाले आणि १६१० मध्ये बीजिंगला त्यांचे निधन झाले. अभिजात चिनी भाषेत ग्रंथरचना करण्याइतके प्रभुत्व त्यांनी मिळवले होते, आणि आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी आपल्या कार्याची सविस्तर हकिगत इटालियनमध्ये लिहून ठेवली. ही हकिगत धर्मप्रसारकाची आहे म्हणून ती बाजूला ठेवणे चूक आहे, आणि प्रत्यक्षदर्शीची आहे म्हणून जशीच्या तशी स्वीकारणे हीदेखील चूकच आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक बखर हातात घेतो तेव्हा ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी लिहिली हे आधी पाहतो, मग अस्सल कागदांशी तिची रुजुवात घालतो. रिच्चींच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी.

सर्वप्रथम आपल्या हाती कोणती प्रत आहे याची खात्री करून घ्यावी. रिच्चींच्या मृत्यूनंतर त्यांचे सहधर्मी निकोलस त्रिगो यांनी या हकिगतीचे लॅटिन रूपांतर केले आणि ते १६१५ मध्ये आउग्सबुर्ग येथे छापले. युरोपने पुढे कित्येक पिढ्या वाचले ते हेच रूपांतर. त्रिगो यांनी मात्र नुसते भाषांतर केले नाही. त्यांनी काही मजकूर वगळला, काही ठिकाणी भर घातली आणि युरोपातील वाचकांना चीनमधील कार्याविषयी आस्था वाटावी अशा बेताने मांडणी केली. मूळ इटालियन मजकूर प्रकाशात आला तो थेट विसाव्या शतकाच्या आरंभी. इंग्रजीत सहज मिळणारे लुई गॅलघर यांचे १९५३ चे भाषांतर त्रिगो यांच्या लॅटिन मजकुरावरून केलेले आहे, त्यामुळे ते वाचताना एखादे वाक्य फार रंगतदार वाटले तर ते रिच्चींचेच आहे असे लगेच गृहीत धरू नये. शक्य असेल तेथे त्यांची पत्रेही सोबत ठेवावीत. पत्र त्या त्या वर्षी लिहिले जाते आणि हकिगत मागे वळून पाहताना लिहिली जाते, म्हणून दोहोंत तफावत आढळली तर वजन पत्राला द्यावे.

दुसरे काम म्हणजे लेखकाची घडण समजून घेणे, आणि येथे मराठी वाचकाला आपल्या घरचा धागा सापडतो. रिच्ची सप्टेंबर १५७८ मध्ये गोव्यात उतरले. तेथील सेंट पॉल महाविद्यालयात त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, अध्यापनही केले, आणि १५८२ मध्ये ते मकावकडे निघाले. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवू नये, नाहीतर ते गर्विष्ठ होतील, असे धोरण तेथे पुढे येत होते. १५८१ मध्ये रिच्चींनी आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना पत्र लिहून त्याला विरोध केला. स्थानिक लोकांच्या बुद्धीचा मान राखण्याची चीनमध्ये पुढे दिसणारी त्यांची वृत्ती एकाएकी उगवलेली नाही, हे या पत्रावरून कळते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, म्हणजे दोघांच्या गोव्यातील वास्तव्याचा काही काळ एकच होता. स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत बांधली आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. रिच्चींनी तोच धर्म कन्फ्यूशियसपंथी विद्वानांच्या संवादशैलीत मांडला. ज्याने ‘क्रिस्तपुराण’ वाचले आहे त्याला रिच्चींची पद्धत ओळखायला वेळ लागणार नाही. ही जोडी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर हकिगतीच्या समासात रिच्चींचा वेश आणि गाव यांची नोंद करत जावे. ही सूचना किरकोळ वाटेल, पण तिचा उपयोग फार होतो. चीनमधील पहिली बारा वर्षे रिच्ची डोके आणि दाढी भादरून बौद्ध भिक्षूच्या वेशात वावरत होते. परदेशातून आलेला धर्मपुरुष म्हणून लोक आपल्याला ओळखतील अशी अपेक्षा त्यामागे होती. प्रत्यक्षात त्या काळच्या अधिकारीवर्गात भिक्षूंना फारसा मान नव्हता, त्यामुळे बैठकीत त्यांची जागा खालचीच राहिली. १५९५ मध्ये त्यांनी केस-दाढी वाढवून विद्वानाचा रेशमी झगा धारण केला. त्याच वर्षी नानछांग येथे मैत्रीविषयी चिनी भाषेत एक छोटा ग्रंथ लिहिला आणि त्यांच्यासाठी दरवाजे उघडू लागले. बौद्ध मठांविषयी, पूजाविधींविषयी आणि भिक्षूंच्या विद्वत्तेविषयी ते जे कठोर शब्द वापरतात, ते वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा. ज्या वर्गात त्यांना स्थान मिळवायचे होते त्या वर्गातील अनेकांची बौद्धांविषयीची नापसंती त्यांनी आपलीशी केली होती. कन्फ्यूशियसच्या परंपरेविषयी ते सहानुभूतीने लिहितात आणि पूर्वजांपुढील विधी हा धर्माचा नव्हे, तर कृतज्ञतेचा भाग मानतात. तेव्हा त्यांच्या पुस्तकातून चिनी बौद्ध धर्म शिकू नये. चिनी विद्वानवर्ग बौद्ध धर्माकडे कसा पाहत होता हे मात्र त्यातून चांगले शिकता येते.

दरबाराविषयीचा भाग सर्वांत सावकाश वाचावा. २४ जानेवारी १६०१ रोजी रिच्ची आणि त्यांचे स्पॅनिश सहकारी दिएगो दे पांतोखा बीजिंगमध्ये पोहोचले. त्याआधी मा थांग या बड्या खोज्याने, म्हणजे राजवाड्याच्या चाकरीतील नपुंसक सेवकाने, त्यांना वाटेत अडवून त्यांचे सामान तपासले होते. त्यात रक्ताने माखलेली क्रूसावरची मूर्ती सापडली तेव्हा ती सम्राटावर करणी करण्यासाठी आणली असावी, असा त्याला संशय आला. नजराण्यात घड्याळे, धार्मिक चित्रे आणि तारांचे एक पेटीवाद्य होते. राजवाड्यातील खोजे घड्याळाला किल्ली द्यायला शिकले, पांतोखांनी काही खोज्यांना वाद्य वाजवायला शिकवले, रिच्चींनी त्या सुरांसाठी चिनी भाषेत आठ गीते रचली. एवढे सगळे होऊनही वानली सम्राटाची आणि त्यांची भेट एकदाही झाली नाही. सम्राटाने चित्रकार पाठवून या पाहुण्यांची चित्रे काढवून घेतली आणि ती पाहून ‘हे तर हुई-हुई’, म्हणजे मुसलमान, असे उद्गार काढले, असे रिच्ची सांगतात. दरबारात त्यांनी सारे नमस्कार केले ते रिकाम्या सिंहासनापुढे.

आता हा प्रसंग कसा वाचायचा? परक्या माणसाला तुच्छ लेखून सम्राटाने भेट नाकारली, असा अर्थ पटकन मनात येतो, आणि तो चुकीचा आहे. वारसदार नेमण्याच्या प्रश्नावरून मंत्र्यांशी बिनसल्यावर वानली सम्राटाने दरबारातले दर्शन देणे जवळजवळ बंदच केले होते. त्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनाही वर्षानुवर्षे त्याचे मुखदर्शन होत नसे. म्हणून दरबाराच्या प्रकरणांकडे वळण्याआधी त्या राजवटीचा संक्षिप्त इतिहास कोणत्याही विश्वसनीय ग्रंथातून वाचून घ्यावा. त्याशिवाय रिकाम्या सिंहासनाचे कारण रिच्चींच्या परकेपणात शोधले जाते. शिवाय एक वही करून तिचे दोन रकाने पाडावेत; एकात रिच्चींनी स्वतः पाहिलेले, दुसऱ्यात ऐकलेले लिहावे. अंतःपुरातल्या, सम्राटाच्या मर्जीविषयीच्या आणि त्याच्या तोंडच्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या रकान्यात जातील, कारण त्या खोज्यांकडून आलेल्या आहेत. त्या बातमीदारांचे राजवाड्यात स्वतःचे हितसंबंध होते, हे प्रत्येक वेळी आठवावे.

या वाचनात चिनी बाजूचा आवाज शोधणे हे सर्वांत फलदायी काम आहे. मिंग राजवटीच्या अधिकृत इतिहासात रिच्चींची नोंद आहे आणि त्यांच्या आगमनावर विधी-मंत्रालयाने, म्हणजे दरबारी समारंभ आणि धार्मिक विधी पाहणाऱ्या खात्याने, दिलेला अभिप्रायही त्यात नमूद आहे. हा माणूस सांगतो तो देश आपल्या नोंदींत नाही. त्याने आणलेल्या वस्तूंत अमर पुरुषांच्या अस्थी आहेत असे म्हणतात, पण अमर पुरुष आकाशात उडून जाऊ शकतात तर त्यांच्या अस्थी मागे कशा राहतील. त्याला मानाची टोपी आणि कमरपट्टा देऊन परत पाठवावे, असा त्या अभिप्रायाचा आशय आहे. त्यात थांग काळातील हान यू या विद्वानाचा दाखलाही दिला आहे, ज्याने ८१९ मध्ये बुद्धाची अस्थी राजवाड्यात आणण्यास विरोध केला होता. म्हणजे मंत्रालयाच्या लेखी रिच्चींचा धर्म आठ शतकांपूर्वीच्या एका जुन्या वादाच्या खात्यात जमा झाला. सम्राटाने या शिफारशीवर काही निर्णय दिला नाही आणि रिच्ची बीजिंगमध्येच राहिले. दुसरीकडे शू ग्वांगछी यांच्यासारखा विद्वान अधिकारी स्वखुशीने ख्रिस्ती झाला. त्याने रिच्चींबरोबर युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा भागांचे चिनी रूपांतर केले आणि ते १६०७ मध्ये प्रसिद्ध झाले. अभिप्राय आणि भूमिती या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्यावरच त्या काळच्या चिनी प्रतिसादाचा आवाका कळतो.

गैरसमजाचे प्रसंग विशेष जपून वाचावेत. १६०५ मध्ये खायफंगचे आय त्येन नावाचे ज्यू गृहस्थ बीजिंगला आले आणि रिच्चींना भेटले. एक ईश्वर मानणारे परदेशी आले आहेत हे ऐकून, ते आपलेच धर्मबंधू असणार अशी त्यांची समजूत झाली होती. वेदीवर मेरीसोबत बाळ येशू आणि बाळ योहान यांचे चित्र होते. आय त्येन यांना ते रिबेका आणि तिची दोन मुले, याकोब व एसाव, यांचे वाटले आणि त्यांनी आदराने नमन केले. रिच्चींना सुरुवातीला वाटले की खायफंगमधील जुने ख्रिस्ती लोकच आपल्याला सापडले. एकाच चित्रापुढे दोन माणसे उभी होती आणि प्रत्येकाला दुसऱ्यात आपलाच माणूस दिसत होता. बोलणे वाढले तसा दोघांचाही गैरसमज दूर झाला, आणि खायफंगमध्ये ज्यू समाज आहे ही बातमी युरोपला रिच्चींमुळे मिळाली. असा प्रसंग आला की थांबून, लेखकाला काय पाहण्याची इच्छा होती, असा प्रश्न वहीत लिहून ठेवावा.

रिच्चींनंतर छिंग दरबाराकडे, म्हणजे मिंगनंतर आलेल्या मांचू राजवटीकडे, वळताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते. एडमंड बॅकहाउस यांनी जे. ओ. पी. ब्लँड यांच्यासह १९१० मध्ये सम्राज्ञी त्सिशीचे चरित्र लिहिले आणि त्यात चिंग-शान नावाच्या मांचू अधिकाऱ्याची रोजनिशी वापरली. ती रोजनिशी बनावट असल्याचे पुढे सिद्ध झाले, पण तोवर तिच्यातला मजकूर कितीतरी पुस्तकांत पसरला होता. त्सिशीविषयी एखादी चटकदार हकिगत वाचनात आली, तर तिचा उगम त्या रोजनिशीत आहे का हे आधी तपासावे, आणि असेल तर ती खुशाल खोडून टाकावी.

रेजिनाल्ड जॉन्स्टन यांच्या आठवणींना मात्र अशी कात्री लावण्याचे कारण नाही. १९१९ ते १९२४ या काळात ते पदच्युत बालसम्राट पुयी याचे शिक्षक होते. राजवाड्यातील वडीलधाऱ्यांचा विरोध मोडून त्यांनी त्याला चष्मा मिळवून दिला. त्यांचे पुस्तक १९३४ मध्ये निघाले, म्हणजे जपानच्या छत्राखाली पुयी मांचूरियाचा सम्राट झाला त्याच वर्षी. पुयीविषयीची त्यांची निष्ठा पानोपानी जाणवते. पुयीचे आत्मचरित्र कम्युनिस्ट चीनमध्ये, तुरुंगातून सुटल्यानंतर, १९६० च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि त्यात जुन्या आयुष्याचा निषेध करणे त्याला भागच होते. चष्म्याचा प्रसंग, जून १९२३ ची राजवाड्यातील आग, त्यानंतर खोज्यांची हकालपट्टी आणि नोव्हेंबर १९२४ मध्ये सम्राटाला राजवाड्याबाहेर काढणे, हे चार प्रसंग दोन्ही पुस्तकांतून काढून समोरासमोर लिहावेत. ज्या तपशिलावर गुरू आणि शिष्य यांचे एकमत होते तो पक्का धरावा. जेथे ते वेगळे सांगतात तेथे प्रत्येकाने कोणत्या वर्षी आणि कोणाच्या सत्तेखाली लिहिले हे शेजारी टिपून मगच निर्णय करावा.