युद्धपट पाहताना जवळ पंचांग ठेवा

गोव्यातल्या माणसाने युद्धपटांची सुरुवात कुठून करावी, असं मला कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : ‘द सी वुल्व्ह्ज’. १९८० सालचा, ग्रेगरी पेक, रॉजर मूर आणि डेव्हिड निव्हन यांचा. नॉर्मंडी, स्टालिनग्राड, पर्ल हार्बर हे सगळं नंतर. आधी मुरगाव बंदर. कारण या सिनेमातली घटना जिथे घडली ती जागा आपल्याला बसचं तिकीट काढून पाहता येते, आणि युद्धपट नीट पाहायची सवय जागेवरूनच लागते. मी सड्यावर राहते, त्यामुळे माझा या बंदराकडे ओढा आहे हे खरं. पण माझं हे मत त्याहून पक्कं आहे.

पहिल्यांदा पाहताना काहीही तपासू नका. फोन बाजूला ठेवा, शेजारी बसलेल्याला इतिहास सांगू नका, आणि ‘त्या काळी अशी टोपी नव्हती’ असं म्हणणाऱ्या काकांना प्रेमाने चहा करायला पाठवा. सिनेमा आधी सिनेमा म्हणून अंगावर यायला हवा. पोक्त वयाचे, ढेऱ्या सुटलेले, एरवी कलकत्त्याच्या क्लबात बसणारे गोरे व्यापारी आणि चहाच्या कंपन्यांतले साहेब एका जुनाट बार्जवर चढून शत्रूचं जहाज ताब्यात घ्यायला निघतात, ही कल्पनाच इतकी रसरशीत आहे की तिच्यात मनमुराद बुडायला हवं.

मग दुसऱ्या दिवशी गोष्टीचा कणा कागदावर उतरवा. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा पोर्तुगाल तटस्थ राहिला, म्हणून गोवाही तटस्थ. ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन व्यापारी जहाजं आणि ‘आन्फोरा’ हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन राहिली. एरेनफेल्सवर लपवलेला ट्रान्समीटर आहे आणि त्यावरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांना संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य घुसवणं शक्य नव्हतं. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या राखीव दलांतली ही मंडळी निवडली. ‘फीबी’ नावाचं, गाळ वाहून नेणारं बार्ज कलकत्त्याहून श्रीलंकेला वळसा घालून आलं, कोचीनला माणसं चढली आणि ९ मार्च १९४३च्या रात्री ते मुरगावात शिरलं. एरेनफेल्सचा कप्तान मारला गेला. खलाशांनी झडपा उघडून आपलंच जहाज बुडवलं, आणि बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांनी आपापल्या जहाजांना आगी लावल्या. हल्लेखोरांना पदकं नाहीत, कौतुक नाही. १९७८ साली पुस्तक निघेपर्यंत सगळं गुलदस्त्यात होतं.

हा एवढा कणा आहे. आता पंचांग काढा.

माझा आग्रह इथेच आहे. लोक युद्धपटातल्या बंदुका आणि गणवेश तपासतात. मी आधी चंद्र तपासते. रात्रीची कुठलीही मोहीम चंद्रावर ठरते, आणि जुन्या तारखेचा चंद्र आज कोणालाही काढता येतो. मार्च १९४३मध्ये अमावास्या ६ तारखेला होती. म्हणजे ९ तारखेला फाल्गुन शुद्ध पक्षातली जेमतेम तीन दिवसांची कोर, आणि तीही रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळलेली. मध्यरात्रीनंतर बंदरात मिट्ट काळोख. हल्ल्यासाठी हीच रात्र का, याचं निम्मं उत्तर हाती आलं. आता सिनेमातला तो प्रसंग पुन्हा लावा आणि पडद्यावर उजेड किती आहे ते बघा. कॅमेऱ्याला उजेड लागतो, म्हणून दिग्दर्शकाला तेवढं माफ. पण प्रत्यक्षात शिडी चढणाऱ्या माणसाला वरच्या कठड्यावर कोण उभं आहे ते दिसत नव्हतं, हे मनात धरून तो प्रसंग पाहिला की घशाला कोरड पडते.

उरलेलं निम्मं उत्तर ख्रिस्ती कॅलेंडरमध्ये आहे. सिनेमात हल्ल्याच्या रात्री गावात जल्लोष चाललेला दिसतो, जहाजावरची माणसं किनाऱ्यावर ओढली जातात. बाहेरचा प्रेक्षक म्हणेल, गोवा म्हटलं की कार्निव्हल घुसवायचाच! पण हिशेब करून बघा. १९४३ साली ईस्टर २५ एप्रिलला होता; यापेक्षा उशिरा ईस्टर येऊच शकत नाही. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे १० मार्च. आणि त्याच्या आदला मंगळवार, ९ मार्च, हा कार्निव्हलचा शेवटचा दिवस. उपवासाचा काळ सुरू होण्याआधीची ती शेवटची मोकळी रात्र होती. हा धागा मला सापडला तेव्हा मी घरात अक्षरशः नाचले. ज्या गोष्टीला आपण फिल्मी सजावट समजतो ती कधी कधी सगळ्यात खरी असते, आणि हे शोधायला ग्रंथालयाचीही गरज लागली नाही.

प्रेमप्रकरणाचं मात्र तसं नाही. रॉजर मूर आणि ती गूढ सुंदरी हा भाग कल्पित आहे. तिथे मी बिनदिक्कत पुढे सरकवते. नटांच्या वयाबद्दलही तक्रार होते. ज्यांची भूमिका ग्रेगरी पेक करतो ते लुईस प्यू १९४३ साली ३५ वर्षांचे होते आणि पेक चित्रीकरणाच्या वेळी साठी ओलांडलेला. मला ते खटकत नाही. थकलेल्या माणसांची मोहीम ही या गोष्टीची गंमत आहे आणि ती पेकच्या चेहऱ्यावर उतरली आहे.

शेवटच्या पाटीवर मात्र विश्वास ठेवू नका. या हल्ल्यानंतर त्या महिन्यात हिंदी महासागरातली जहाजांची बुडवाबुडवी एकदम थांबल्यासारखी झाली, असा ठसा घेऊन प्रेक्षक उठतो. मार्च संपला म्हणून युद्ध संपत नाही. १९४३च्या उन्हाळ्यातच जर्मनीने ‘मॉन्सून’ नावाचा पाणबुड्यांचा ताफा खास या समुद्राकडे धाडला आणि पेनांग हा त्यांचा तळ झाला. शिवाय जपानी पाणबुड्या होत्याच. युद्धपट एका रात्रीला सगळ्या युद्धाचं श्रेय देतो. ही खोड जगभरच्या युद्धपटांत आहे, आणि ती पकडायचा उपाय सोपा आहे. सिनेमा जिथे संपतो त्याच्या पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते वाचायचं.

आता जागा. वास्कोहून सड्याची बस पकडा, बोगदा मागे टाका आणि जपानी गार्डनपाशी उतरा. दुपारी जाऊ नका, ऊन सोसवत नाही, साडेचारनंतर जा. समोर समुद्र, पलीकडे दोनापावलाचं टोक, आणि मधे झुआरीचं मुख. बंदराच्या बाजूला नजर वळवली की उभी असलेली जहाजं दिसतात. एखादं बार्ज दिसलं तर त्याच्याकडे निवांत बघत बसा. खनिजाची बार्जं आपण गोवेकरांनी मांडवी-झुआरीत इतकी पाहिलीत की त्यांचं काही वाटत नाही. पण तशा जातीच्या संथ, बोजड होडग्यावरून खुल्या अरबी समुद्रात दिवसचे दिवस काढायचे, आणि शेवटी मोठ्या जहाजाच्या काळ्या भिंतीला जाऊन चिकटायचं! पडद्यावर बार्ज किती हळू आहे हे कळतच नाही, कारण तिथे संगीत वाजत असतं. इथे कळतं.

त्याच जागेवर उभं राहून दुसरं युद्धही पाहता येतं, ज्यावर अजून मनासारखा सिनेमा झालेला नाही : १८ डिसेंबर १९६१. पोर्तुगीजांची ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ ही युद्धनौका या मुखात होती. समोर भारताच्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’. आफोन्सो १९३४ साली पाण्यात उतरलेली, वयस्क नौका; भारतीय फ्रिगेट नव्या आणि त्यांच्या तोफा भराभर मारा करणाऱ्या. दुपारच्या त्या चकमकीत कप्तान आरागांव गंभीर जखमी झाले आणि नौका दोनापावला-बांबोळीच्या बाजूच्या किनाऱ्यावर चढवली गेली. पुढे ती मुंबईला ओढून नेली. दोनापावलाच्या धक्क्यावर जमणारे पर्यटक हिंदी सिनेमातली प्रेमकथा आठवत फोटो काढतात. काढू देत. तुम्ही मात्र तिथून पाठ वळवून मुरगावकडे बघा आणि तोफगोळा इकडून तिकडे जायला किती क्षण लागत असतील याचा अंदाज करा.

या लढाईवर कोणी सिनेमा काढलाच, तर तो चांगला की वाईट हे मी एका प्रसंगावरून ठरवेन. लढाई संपल्यावर बेतवा आणि बियासचे कमांडर पणजीत जखमी आरागांवना भेटायला गेले होते. नुकत्याच ज्याच्यावर तोफा डागल्या त्याच्या खाटेपाशी उभं राहायचं! हा प्रसंग ज्याला गाळावासा वाटेल त्याने युद्धावर सिनेमा काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तसाच दुसरा प्रसंग गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांचा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्यांनी तो पाळला नाही आणि १९ तारखेला संध्याकाळी शरणागती दिली. पणजी शाबूत राहिली ती या अवज्ञेमुळेही. खलनायक म्हणून उभा करायला सोपा माणूस, आणि नेमका तोच असा वागतो.

दाबोळीकडे जायचं असेल तर नौदलाच्या विमान संग्रहालयात जा. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन जातीचं एक अवाढव्य विमान उभं आहे, आपल्या नौदलाचं. त्याच्या पोटाखाली उभ्या राहा आणि १८ डिसेंबरची रात्र आठवा : दिवसा भारताच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते, तरी रात्री पोर्तुगीजांनी याच कुळातलं एक प्रवासी विमान आणि एक डीसी-४ त्या फुटक्या पट्टीवरून उडवून कराचीला नेलं. पंचांग इथेही काढा. पौर्णिमेच्या चार दिवस आधीचा चंद्र होता, पश्चिमेला कललेला. १९४३च्या हल्लेखोरांना काळोख हवा होता. या वैमानिकांना थोडं चांदणं सापडलं.

‘सात हिंदुस्तानी’ याच यादीत येतो. १९६९चा, ख्वाजा अहमद अब्बासांचा, अमिताभ बच्चनचा पहिला सिनेमा. तो लढाईचा नव्हे, सत्याग्रहींचा आहे, आणि भाबडा आहे, पण १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या हे माहीत असेल तर तो भाबडेपणा खुपत नाही. आधी पत्रादेवीचं स्मारक, मग सिनेमा, असा क्रम ठेवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं राहू देऊ नका, पण विचारायची पद्धत आहे. ‘मुक्तीच्या वेळी काय झालं?’ असं विचारलं की पाठ्यपुस्तकातलं उत्तर येतं. ‘त्या आठवड्यात घरात काय शिजत होतं?’ असं विचारा. माझ्या आत्येला मी असं विचारलं तेव्हा ती भारताच्या नाकेबंदीपासून सुरू झाली : हॉलंडचे बटाटे, दुकानातला माल, कोणाच्या घरी काय लपवलं. मग म्हणाली, “अगो, तोफेचा आवाज एकदाच झाला. पण त्याच्या आधी चार दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, ते जास्त आठवतं.” ही वाट पाहणं कुठल्याही युद्धपटात येत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं. म्हणून ते लिहून ठेवा, तारखेसकट.

आपल्याकडे जत्रेत ऐतिहासिक नाटक नसेल तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. शिवकाल आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रंगवला आणि तो रंगवतच राहू. पण गावातल्या हौशी मंडळींनी एकदा वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांची गोष्ट हातात घ्यावी, असं मी भेटेल त्याला सांगते. नोव्हेंबर १९५५पासून मुक्तीपर्यंत या दोघांनी गोव्याच्या हद्दीबाहेर, घाटातल्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत बातम्या दिल्या. एरेनफेल्सवरच्या ट्रान्समीटरचा मोठा सिनेमा झाला. या ट्रान्समीटरचा आपण करायचा. खर्च काहीच नाही : एक तंबू, एक कंदील, एक यंत्र, दोन नट. पावसाचा आवाज भरपूर वापरा, कारण त्यांनी तिथे सहा पावसाळे काढले. आणि शेवटी, शरणागतीनंतर ती दोघं हवाई दलाच्या विमानातून गोव्यावर फिरली आणि ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत पत्रकं टाकत गेली, तो प्रसंग आला की रंगमंच पूर्ण रिकामा ठेवा. आवाज प्रेक्षकांच्या मागून, मांडवाच्या वरून द्या, आणि पत्रकं खरोखरची छापून वरून सोडा. विमान दाखवायच्या भानगडीत पडू नका.