दादा म्हणजे बहीण, सा तातू म्हणजे नऊ

केनियातल्या किलिफीला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंची अख्खी सकाळ वाया घालवली. मुलाखतीची वेळ ठरली होती ‘सा तातू’. तातू म्हणजे तीन, एवढं स्वाहिली मी येताना विमानात पाठ केलं होतं, म्हणून दुपारी तीनला हजर झाले. बाई वाट बघून कंटाळून शेतावर गेलेल्या. स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक, नऊ म्हणजे तीन. सोबतची फील्डवर्कर हसली नाही. तिने फक्त विचारलं, “मूल रात्री सा म्बिलीला तापलं असं आईने सांगितलं, तर फॉर्मवर काय लिहिशील?” मी बिनदिक्कत रात्रीचे दोन लिहिले असते. रात्रीचे तास अंधार पडल्यापासून मोजतात, म्हणून खरी वेळ होती आठ.

सार्वजनिक आरोग्यात एमपीएच करून आफ्रिकेत संशोधनाला जायचं म्हणणारे बरेच जण मला विचारतात, आकडेवारीच्या विश्लेषणासाठी आर हे सॉफ्टवेअर शिकू की स्टाटा? काहीही शिका. त्याआधी तिथली भाषा शिका. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. माझ्या वहीत ‘मामा रडली’ असं वाचून घरच्यांची भलतीच करमणूक झाली होती. दारात उभं राहून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘करिबू’ आलं की मगच पाऊल टाकायचं.

किलिफी मोम्बासाच्या उत्तरेला, समुद्रकाठी. इथलं केमरी (केनियाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) आणि वेलकम ट्रस्टचं संशोधन केंद्र १९८९ पासून आहे. आसपासच्या अडीच लाखांहून जास्त लोकांची घरोघर जाऊन नियमित नोंद २००० पासून होते: जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं. पुण्यात सीरममध्ये बनणारी आर२१ ही मलेरियाची लस ज्या चार देशांतल्या मुलांवर तपासली गेली, त्यांत बुर्किना फासो, माली आणि टांझानियासोबत केनियाही होता, आणि केनियातलं ठिकाण म्हणजे किलिफीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. “आफ्रिकेत कसलं आलंय संशोधन?” म्हणणाऱ्या आत्याला मी हेच ऐकवते.

माझा अभ्यास अगदी छोटा होता. घरी झालेल्या बालमृत्यूंचं कारण नातेवाइकांना विचारून ठरवायचं. याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. डॉक्टरांचा दाखला नसतो तिथे हाच मार्ग. प्रश्नावली तयार असते: ताप होता का, किती दिवस, आकडी आली का. कागदावर सोपं वाटतं. एका आईने ताप होता असं सांगितलं, आकडीच्या प्रश्नाला मात्र नाही म्हणाली. मी ‘नाही’वर खूण करून पुढे सरकणार, तेवढ्यात फील्डवर्करने हळूच विचारलं, “देगेदेगे?” बाईंनी मान हलवली आणि मग बराच वेळ बोलत राहिल्या. अंगाला झटके येणं म्हणजे देगेदेगे. किनाऱ्यावरच्या अनेकांच्या लेखी तो निराळाच आजार, त्याचा मलेरियाशी संबंध नाही. ‘होमा’ म्हणजे साधा तापही आणि मलेरियाही. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातला आकडीचा शब्द घातला होता आणि तो शब्द त्या घरात कुणी वापरतच नव्हतं. त्या दिवशी एका मुलाच्या मृत्यूचं कारण माझ्या हातून चुकता चुकता राहिलं.

संमती घेतानाही तसंच. पाच मिली रक्त म्हटलं की लोक बिचकतात, एक चहाचा चमचा म्हटलं की कळतं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा.

परवानग्यांना महिने लागतात हे धरूनच चाला. आधी तिथली एथिक्स कमिटी, मग राष्ट्रीय संशोधन परवाना, मग काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, आरोग्य खातं आणि शेवटी गावच्या चीफची ‘बराझा’, म्हणजे झाडाखालची सभा. शेवटची पायरी कागदावर किरकोळ दिसते. तिथे उडालेली अफवा निस्तरायला मात्र उरलेल्या तिन्हींपेक्षा जास्त वेळ जातो.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगते. तिथल्या बऱ्याच फेलोशिप आफ्रिकी नागरिकांसाठी असतात आणि ते योग्यच आहे. आपल्याकडून जाणाऱ्याला पीएचडी किंवा विद्यापीठाचा प्रकल्प हा त्यातल्या त्यात सरळ रस्ता. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांचं, प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. शोधनिबंधात तिथल्या सहकाऱ्यांची नावं कुठे येणार हे पहिल्याच बैठकीत विचारा. डेटा घेऊन पसार होणारे पाहुणे त्यांनी भरपूर पाहिलेत.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. परतताना मुंबईच्या विमानतळावर ते मागतात. माझं कार्ड चेक-इन केलेल्या बॅगेत होतं.