जाळ्यात व्हेल शार्क आला, तर आधी इंजिन न्यूट्रल करा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून 30 वर्षं मी गिलनेटची, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणाऱ्या जाळ्याची बोट नेतो. एवढ्या काळात व्हेल शार्क तीनदा जाळ्यात आला. पहिल्या वेळी आमची चूक झाली. ती दुसऱ्या कुणा तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाची, होऊ नये.

त्या पहाटे बोये, म्हणजे जाळ्याचे तरंगते गोळे, एकदम पाण्याखाली गेले. जाळं ओढायला घेतलं तर जागचं हलेना. बॅटरी मारली, तर पांढऱ्या ठिपक्यांची भलीमोठी पाठ. घाईत त्याच्या शेपटीला दोर बांधला आणि बोटीने ओढत मोकळ्या पाण्यात नेला. सोडल्यावर त्याने शेपूट हलवलीच नाही. डोकं खाली करून तो बुडत गेला. आजही ते आठवलं की घास उतरत नाही.

कारण नंतर समजलं. हा मासा तोंडातून पाणी घेतो आणि दोन्ही बाजूंच्या पाच-पाच फटींतून कल्ल्यांवरून बाहेर सोडतो. शेपटीकडून ओढलं की पाण्याची वाटच उलटी होते आणि तो गुदमरतो. म्हणून शेपटीला दोर लावायचा नाही. आकडा मारायचा नाही, विंचने वर उचलायचा तर नाहीच नाही.

इंजिन न्यूट्रलला टाका, बोट त्याच्यासोबत वाहू द्या. तो चावत नाही. त्याचे दात बारीक, खाणं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, आणि बारकी मासळी. पण शेपटीचा एक फटका माणसाला पुरेसा आहे, तेव्हा पाण्यात कुणी उतरू नका आणि सगळ्यांनी डोक्याच्या बाजूला उभं राहा.

आता कापायचं. आधी त्याच्या दोन्ही अंगांना जाळ्याचा वरचा दोर तोडा, म्हणजे जाळ्याचा ताण जातो. ताण असताना सुरी चालवली तर तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, कातडीत आणखी रुततो. आम्ही दातेरी सुरी बांबूला घट्ट बांधतो, धार नेहमी माशापासून बाहेरच्या बाजूला. कल्ल्यांवरचं जाळं पहिलं सोडवा, मग बाजूचे पर, शेवटी शेपटीचा देठ. देठाभोवती एकही फास राहता कामा नये. तो फास पुढे महिनोन्‌महिने मांस कापत राहतो. कापलेले तुकडे बोटीत घ्या, समुद्रात सोडलेलं जाळं मासे मारतच राहतं.

हे चालू असताना एका खलाशाच्या हातात फक्त मोबाइल द्या. अडकलेला मासा, कापणं आणि सुटका, तिन्हींचं चित्रीकरण हवं. बोटीचा नंबर दिसू दे, जीपीएसचा आकडा आणि वेळ लिहून ठेवा. जमलं तर डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या मागचा फोटो घ्या. तिथले ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. त्यावरून तोच मासा पुन्हा कुठे दिसला ते अभ्यासकांना ओळखता येतं.

बंदरात आलात की मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला कळवा. संरक्षित जीव सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी राज्य सरकार 2018 च्या योजनेनुसार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणजे तेच फोटो. एवढ्यात अख्खं नवं जाळं येत नाही, फाटलेला भाग मात्र उभा राहतो. आणि 2001 पासून हा मासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर गुन्हा.

कायदा सोडून द्या, तरी त्याला जपायला हवं. तो वयात यायलाच 25-30 वर्षं लागतात. 1995 मध्ये तैवानला मारलेल्या एका मादीच्या पोटात 300 च्या वर पिल्लं निघाली होती. हा मासा एका किनाऱ्याचा नव्हे, देशांच्या हद्दी ओलांडून फिरतो. आपण सोडलेला दुसऱ्या किनाऱ्यावर कापला गेला, तर आपली मेहनत पाण्यात. उलट तिकडच्यांनी सोडलेला आपल्याकडे येतो, तेव्हा जबाबदारी आपली.

सुटल्यावर लगेच इंजिन मारू नका. शेपटीचे दोन-चार दमदार हेलकावे दिसेपर्यंत थांबा. मग वायरलेसवर आसपासच्या बोटींना तो कुठल्या दिशेला गेला ते सांगा, म्हणजे त्या अंगाला त्या दिवशी कुणी जाळी टाकणार नाही.