डायनासोरचं पाऊल ओळखायला शिकायचंय? आधी ओहोटीला खाडीवर चला

मे महिन्यात भाची सड्यावरून (गावावरच्या जांभ्या दगडाच्या सपाट माळावरून) धावत आली, "मामा, डायनासोरचं पाऊल सापडलं!" म्हणून. जाऊन बघितलं तर जांभ्यात पाणी साचून झालेला खळगा, पण तिला तीन बोटं अगदी स्पष्ट दिसत होती. मग तिला जे दाखवलं तेच इथे लिहितोय, मुलांना घेऊन सहज करता येतं.

पहिल्यांदा दगड बघायचा. आपला कोकणातला काळा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा, आणि वरचा जांभा म्हणजे बहुतेक ठिकाणी तोच कातळ ऊनपावसात कुजून बनलेला. पाऊल उमटायला ओला चिखल नाहीतर वाळू लागते, तापलेल्या लाव्ह्यावर कोण पाय ठेवणार? म्हणजे सड्यावर कितीही हुबेहूब खड्डा दिसला तरी तो डायनासोरचा नाही. समुद्राकाठच्या कातळातले गोल खळगे लाटांनी गोटे फिरवून फिरवून झालेले असतात. आणि सड्यावर हत्ती, मासे, माणसं कोरलेली दिसली तर ती कातळशिल्पं, माणसाने केलेली, त्यांच्यावर चालू नका आणि फोटोसाठी खडूने तर अजिबात रंगवू नका.

मग शिकायचं कुठे, तर खाडीच्या चिखलात. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरची द्वितीया धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे द्वितीयेला रात्री दीडच्या आसपास भरती आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास (रत्नागिरीकडे थोडी आधी). मला हे फार आवडतं, कारण उधाणाची ओहोटी असल्याने चिखल लांबपर्यंत उघडा पडतो आणि त्याच वेळी सकाळचं तिरकं ऊन असतं. पाऊलखुणा बघायला तिरकाच उजेड लागतो, दुपारी बाराला त्याच खुणा सपाट दिसतात.

बगळ्याची एक रांग शोधा आणि उकिडवे बसून बघा. बोटं दाबली गेलीत तिथे चिखल बाजूला सरकून बारीक कड वर आलेली दिसते, मागे नखाची रेघ ओढलेली असते. आणि मुख्य म्हणजे डावं-उजवं-डावं-उजवं असा क्रम आणि पावलांमधलं अंतर जवळपास सारखं. एकटा खड्डा काहीही असू शकतो, रांग असेल तरच विचार करायचा. मांसाहारी डायनासोरची पावलंही बहुतेक अशीच, फक्त तीन बोटांची (बगळ्याचं मागचं चौथं बोटही उमटतं), पाऊल मोजून चारपट केली की कमरेची उंची अंदाजे मिळते. भाचीने आधी स्वतःचं पाऊल मोजलं, २१ सेंटीमीटर, चारपट ८४, मग भिंतीला उभी राहून कंबर मोजली आणि खूशच झाली!

घरी आल्यावर परातीत पांढरी वाळू आणि जांभ्याची लाल माती असे चार-पाच पातळ ओले थर घाला, वरून मूठ दाबा, दोन दिवस सुकू द्या आणि सुरीने मधोमध कापा. खालचे थरही वाकलेले दिसतील. खऱ्या खडकात पुष्कळदा वरचा थर झिजून गेलेला असतो आणि आपल्याला हा खालचा दाबच दिसतो, त्यामुळे बोटं पुसट असली तरी ते पाऊल असू शकतं. हे परातीत बघितल्याशिवाय नीट डोक्यात शिरत नाही.

खरी पावलं सापडलीत ती राजस्थानात. जैसलमेरजवळ थईयातला २०१४ मध्ये ज्युरासिक काळातल्या वाळूच्या खडकात तीन बोटांची पावलं सापडली, आणि आज वाळवंट असलेली ती जागा तेव्हा समुद्राकाठची होती, आपल्यासारखीच. ऑस्ट्रेलियात ब्रूमला तर सुमारे १३ कोटी वर्षांची पावलं अजून किनाऱ्यावरच आहेत, मोठ्या ओहोटीलाच दिसतात.

अशी जागा कधी बघायला मिळाली तर छिन्नी-हातोडी लावायची नाही, बाजूला नाणं ठेवून सरळ वरून एक आणि तिरक्या उजेडात एक फोटो काढा, जागेचं लोकेशन टिपून ठेवा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा.

आणि खाडीत एकटं जाऊ नका हं, तिथल्या माहितगार माणसाला सोबत घ्या, काही ठिकाणी चिखल मांडीपर्यंत ओढतो, आणि पाणी वळायला लागलं की रांग अर्धी बघायची राहिली तरी निघा.