सवयी सोडवण्यासाठी संमोहन शिकताना

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी संमोहनोपचाराचे प्रशिक्षण घेतले, तेव्हा माझे सारे लक्ष समोरच्या व्यक्तीला त्या अवस्थेत नेण्याच्या पद्धतींवर होते. नजर एका बिंदूवर स्थिर करवणे, श्वासाची लय, उलटी मोजणी, हे सारे काही आठवड्यांत हाताला बसते. वेळ लागतो तो सवय समजून घ्यायला, आणि नवोदितांनी तयारी करायची ती याचीच.

मशेरी सोडू पाहणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पहिल्याच सत्रात मी त्यांना मशेरीची चव नकोशी वाटेल अशी सूचना दिली. आठवड्याने त्या म्हणाल्या, ‘‘चव मला कधीच आवडली नाही हो. पण ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही.’’ मग आम्ही दोन आठवडे नुसती नोंद ठेवली: केव्हा, कुठे, मन कसे होते. त्यातून दिसले की सकाळची मशेरी पोटासाठी होती. दुपारची मात्र जेवणाची भांडी आवरल्यावर मागच्या दारी एकटे बसायला मिळावे म्हणून होती. त्यानंतर सूचना बदलल्या. सकाळी कोमट पाणी आणि दुपारी तीच जागा, तोच निवांतपणा, पण हाती डबी नाही, असे चित्र त्या डोळे मिटून अनुभवत आणि घरीही रोज दहा मिनिटे तोच सराव करत. दुपारची मशेरी दीड महिन्यात सुटली, सकाळची सुटायला बराच अवधी गेला. यातले किती श्रेय संमोहनाचे आणि किती नोंदवहीचे, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही.

हा संयम दाव्यांतही हवा. धूम्रपान सोडण्यासाठीच्या संमोहनोपचारावर वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2019 मध्ये 14 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा इतर आधारापेक्षा तो अधिक परिणामकारक ठरतो असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणून ‘एका सत्रात सवय बंद’ अशी हमी कुणालाही देऊ नये.

रंगमंचावरचे प्रयोग पाहिलेले लोक पहिल्यांदा विचारतात, ‘‘मी शुद्धीत असेन ना?’’ या भीतीला उत्तर दिल्याशिवाय सत्र सुरू करू नये. 1843 मध्ये स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला, पण पुढे त्यांनाच तो बदलावासा वाटला, कारण ही झोप नसून एका कल्पनेवर एकवटलेले लक्ष आहे.

प्रमाणपत्र म्हणजे उपचाराचा परवाना नव्हे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. रोज मद्य घेणारी व्यक्ती आल्यास तिला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे, कारण दारू एकदम थांबवल्यास झटके येऊन जीवावर बेतू शकते. अभ्यासक्रम निवडतानाही एवढे विचारून घ्यावे, की आपली सत्रे कुणी अनुभवी व्यक्ती प्रत्यक्ष पाहणार आहे का. मशेरीच्या त्या पहिल्या सत्रात असे कुणी शेजारी बसले असते, तर चवीची सूचना देण्यापूर्वीच मला थांबवले असते.