माणूस काढायला शिकताय? मग चेहरा शेवटी काढा

बहुतेक जण माणूस काढायला बसले की पहिल्यांदा डोळा काढतात. मग दुसरा डोळा, नाक, ओठ, केस, सगळं अगदी निगुतीनं, अर्धा-पाऊण तास त्यातच जातो आणि मग मान, खांदे, हात करत करत कमरेपर्यंत पोचलं की लक्षात येतं कागद संपत आलाय, मग पाय आखूड होतात नाहीतर घोट्यापाशी कापले जातात. चेहरा छान आलेला असतो पण माणूस उभाच राहत नाही. यात तुमच्या हाताचा काही दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी अख्खं शरीर काय करतंय आणि वजन कुठे पडलंय ते कागदावर यायला हवं, मग मापं, मग आकार, आणि डोळे-पापण्या सगळ्यात शेवटी. हे जमलं की बाकीचं शिकणं खरंच सोपं जातं.

सामानावर फार विचार करू नका. २बी किंवा ४बी पेन्सिल आणि भरपूर स्वस्त कागद, शक्यतो ए३, कारण छोट्या कागदावर फक्त बोटं आणि मनगट हलतं आणि रेषा तुटक येतात. मोठ्या कागदावर खांद्यापासून हात फिरवता येतो. महागडी स्केचबुक सुरुवातीला नकोच, पान खराब होईल या भीतीनं हात आखडतो. खोडरबरही लांब ठेवा.

आता पहिली गोष्ट, जेस्चर. म्हणजे पोझचा जोर आणि दिशा चटकन पकडणं. टायमर लावायचा ३० सेकंदांचा आणि तेवढ्यात पूर्ण माणूस काढायचा, डोक्यापासून पायापर्यंत. आउटलाइन काढायची नाही. डोक्याचा एक अंडाकार, मग तिथून मणक्यातून खाली ज्या पायावर वजन आहे त्या पायापर्यंत एक लांब वळणदार रेघ (हिला लाइन ऑफ ॲक्शन म्हणतात), मग खांद्यांचा तिरकेपणा दाखवणारी एक रेघ, कमरेची एक रेघ, आणि हातपाय एकेका रेघेत. बस. घाणेरडं दिसणार, दिसू दे. ३० सेकंदात तुम्हाला बटणं काढायला वेळच मिळत नाही आणि म्हणून डोळा आपोआप मोठ्या गोष्टींकडे जातो, या सरावाचा खरा फायदा तोच. पोझ वाकलेली असेल तर दिसतंय त्यापेक्षा थोडी जास्तच वाकवा, कारण पुढे डिटेल्स भरताना चित्र नेहमी ताठ होत जातं.

पोझेस कुठून मिळवायच्या तर नाचाचे, खेळाचे व्हिडिओ मधेच थांबवा, ठरावीक वेळानं फोटो बदलणाऱ्या साइट्स आहेत त्या वापरा, आणि जमेल तेव्हा खरी माणसं बघून काढा. वाट बघत उभी असलेली, फोनवर बोलणारी, पुस्तक वाचत बसलेली माणसं फार छान मॉडेल असतात, ती हलतात म्हणून वैतागू नका, माणूस बहुतेक वेळा थोड्या वेळानं परत त्याच पोझमध्ये येतो. फोटोत एक गडबड असते, मोबाइलनं जवळून काढलेल्या फोटोत जे कॅमेऱ्याजवळ ते खूप मोठं दिसतं, म्हणजे डोळ्यांच्या उंचीवरून काढला असेल तर डोकं मोठं आणि पाय बारके. ते तसंच्या तसं उतरवलं की चित्र चुकल्यासारखं दिसतं. लांबून काढलेले फोटो घ्या.

आता जरा उठून आरशासमोर उभे राहा. सगळं वजन उजव्या पायावर टाका आणि डावा गुडघा सैल सोडा. कमरेवर दोन्ही बाजूंना हात ठेवून बघा, उजवीकडचं हाड वर गेलेलं असेल आणि डावीकडचं खाली आलेलं. आणि तोल सांभाळायला उजवा खांदा किंचित खाली उतरतो. म्हणजे खांद्याची रेघ एकीकडे झुकते आणि कमरेची बरोबर उलटीकडे. याला कॉन्ट्रापोस्टो म्हणतात, ग्रीक शिल्पकारांनी हे इसवी सनपूर्व ४८० च्या सुमारास दगडात आणलं आणि त्याआधीचे दोन्ही पायांवर ताठ उभे असलेले पुतळे आणि हे शेजारी ठेवून बघितले तर फरक लगेच कळतो, एक नुसता उभा आहे आणि दुसरा जिवंत आहे. चित्रात फक्त या दोन तिरक्या रेघा बरोबर आल्या तरी माणूस सैल, नैसर्गिक दिसायला लागतो.

याच पोझची आणखी एक खूण सांगतो. गळ्याच्या खाली दोन कॉलरबोनच्या मधे जो खळगा असतो ना, तिथून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो वजन असलेल्या पायाच्या घोट्याच्या आसपास येतो. तुमच्या चित्रात तो खूप बाजूला पडत असेल तर माणूस पडतोय असं वाटणार, मग वर कितीही सुंदर शेडिंग करा. (माणूस धावत असेल किंवा कशाला टेकला असेल तर अर्थात वेगळं.)

मापं. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, शिकताना ८ धरली तरी चालतं, लिओनार्दो दा विंचीनं १४९० च्या सुमाराच्या त्या वर्तुळ-चौकोनातल्या माणसाच्या चित्रासोबतही हनुवटीपासून टाळूपर्यंतचं माप उंचीच्या आठवा भाग असंच लिहिलंय. ८ डोक्यांच्या हिशोबात दुसरं डोकं स्तनाग्रांशी संपतं, तिसरं बेंबीशी, चौथं जांघेशी, म्हणजे दोन्ही पाय जिथे सुरू होतात तिथे. म्हणजे शरीराचा मध्य जांघेपाशी येतो, कमरेपाशी नाही, आणि पाय आखूड होण्याचं आणखी एक कारण हेच की आपण मध्य वर धरतो. हात खाली सोडला तर कोपर बेंबीच्या आसपास, मनगट जांघेच्या पातळीला, बोटांची टोकं मांडीच्या मध्यापर्यंत. पंजा हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत जेवढा चेहरा तेवढा असतो, आत्ता चेहऱ्यावर ठेवून बघा. पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीएवढं. नवीन माणूस पंजे आणि पावलं दोन्ही हमखास लहान काढतो.

लहान मुलांना मात्र ही मापं लावू नका, नवजात बाळ जेमतेम ४ डोक्यांचं असतं, म्हणून मोठ्या माणसाला नुसतं छोटं करून मूल होत नाही. आणि डोळे डोक्याच्या बरोब्बर मध्यावर असतात, कपाळ आणि वरची कवटी आपण विसरतो म्हणून ते वर सरकतात. तसंही २४ सेंटीमीटरच्या फिगरमध्ये डोकं ३ सेंटीमीटरचंच येतं, तिथे डोक्याचा कल आणि दोन गडद ठिपके पुरतात.

समोरच्या माणसाचं माप पेन्सिल डोळ्यासमोर धरून घ्यायचं तर हात पूर्ण सरळ, कोपर घट्ट, एक डोळा बंद. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं, हे पाळलं नाही तर मोजून काही उपयोग नाही.

मग आकार. छातीचा पिंजरा म्हणजे अंडं, कंबरेचं हाड म्हणजे एक तिरका खोका, आणि मधला पोटाचा भाग मऊ. माणूस एका बाजूला झुकला की त्या बाजूला अंडं आणि खोका जवळ येतात, तिथे घडी पडते, आणि दुसरी बाजू ताणली जाते. झुकलेल्या पोझमध्ये दोन्ही बाजूंना सारखीच वळणं काढली की शरीर रबरी वाटतं, एक बाजू घडीची आणि एक ताणाची ठेवा. हातपाय म्हणजे सिलिंडर. हात थेट तुमच्याकडे रोखलेला असेल तर आपल्याला 'माहीत असलेली' लांबी काढायची नाही, दिसतेय तेवढीच, कधी कधी ती अगदी बोटभर असते. तिथे अडलात तर हात सोडून द्या आणि हात आणि शरीर यांच्या मधल्या मोकळ्या जागेचा आकार काढा, हात आपोआप बरोबर बसतो.

पंजा काढताना चारही बोटं एकत्र एकाच आकारात काढून मग वेगळी करा, अंगठा आधीपासून वेगळा. पावलात एक बारीक गोष्ट, आतल्या बाजूचा घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. दोन्ही एका पातळीत काढले की पाऊल खोटं वाटतं.

स्नायूंची नावं सुरुवातीला पाठ करत बसू नका असं मी तरी सांगेन. त्याऐवजी त्वचेखाली हाताला लागणारी हाडं ओळखा, कॉलरबोन, कमरेची पुढची दोन टोकं, गुडघ्याची वाटी, कोपर, मानेमागचं उंचवट्यासारखं हाड. माणूस जाड असो बारीक असो, या जागा सापडतात आणि सगळी मापं त्यांच्यावरूनच घेता येतात. कपडे काढताना पण आत शरीर हलक्या हातानं आधी काढा, चुण्या खांदा, कोपर, गुडघा अशा ताणाच्या जागांपासून निघतात, कुठूनही नाही.

रोजचा सराव २० मिनिटांचा पुरे. ३० सेकंदांच्या १० पोझेस, १ मिनिटाच्या ५, आणि ५ मिनिटांच्या २. रोज २० मिनिटं ही रविवारी एकदम ३ तासांपेक्षा जास्त उपयोगी, कारण डोळ्याला सवय लागायला रोजचा राबता लागतो. काढलेलं चित्र आरशात धरून बघा किंवा फोटो काढून त्याचं डावं-उजवं उलटं करा, कललेले खांदे, एक लांब आणि एक आखूड पाय लगेच नजरेत येतात. कागदांवर तारीख टाकून ठेवा, फाडू नका.

शेडिंगची घाई नको. ५ मिनिटांच्या पोझमध्ये माणूस तोल धरून उभा राहायला लागला की मग एक दिवा एका बाजूला ठेवून १५-२० मिनिटांच्या पोझेस घ्या, आणि त्यातही आधी फक्त दोनच भाग करा, उजेड आणि सावली, मधल्या छटा नंतर.